फुटके मडके आणि शब्बाथचा दिवा

गेल्या अंकात अलिबाग, रेवदंडा आणि पेण परिसरातील बेने इस्रायल या यहुदी समाजाविषयी लिहिताना, भांड्याकुंड्यांवरील ‘केलीम’ या प्रकरणाचा उल्लेख करून, मी म्हटले होते की यहुदी धर्मग्रंथ वाचायचा तर आधी त्या काळच्या स्वयंपाकघरात शिरावे लागते. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. इतर काही पत्रांचा विषयही हाच असल्यामुळे त्यांची उत्तरे याच मजकुरात आली आहेत.

प्रश्न (रेवदंडा): मडकी, झाकणे, चुली यांवर एखाद्या धर्मग्रंथाने एवढा खल का करावा? आपण ज्या प्रकरणाचा उल्लेख केला ते खरोखर भांड्यांविषयीच आहे, की ती रूपके आहेत?

ती रूपके नाहीत. इसवी सन २०० च्या सुमारास रब्बी यहूदा हनासी यांनी ‘मिश्ना’ हा मौखिक नियमांचा संग्रह सिद्ध केला. त्यातील ‘केलीम’ या प्रकरणाचे नावच ‘भांडीकुंडी, उपकरणे’ या अर्थाचे असून ३० अध्यायांचे हे प्रकरण संपूर्ण मिश्नेत सर्वांत मोठे आहे. त्यात मडकी, तवे, तंदूर, कुलपे, सुया, टोपल्या, चामड्याच्या पिशव्या अशा घरात हाताला लागणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वस्तूचा विचार आहे. मूळ धागा तोरेतील, म्हणजे यहुद्यांच्या मूळ पाच धर्मग्रंथांतील, ‘लेवीय’ या ग्रंथाच्या ११ व्या अध्यायात सापडतो. मेलेली पाल किंवा उंदीर असा प्राणी मातीच्या भांड्यात पडला, तर आतील पदार्थ अशुद्ध होतो आणि ते भांडे फोडून टाकावे, अशी तेथे आज्ञा आहे. त्याच ग्रंथात दुसऱ्या संदर्भात मातीचे भांडे फोडायचे आणि तांब्या-काशाचे भांडे घासून धुऊन पुन्हा वापरायचे, असा भेदही केलेला आहे. आपल्याकडे सुतक फिटल्यावर मातीची मडकी टाकून देण्याची आणि तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासून घेण्याची चाल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या भेदाचे कारण वेगळे समजावून सांगावे लागू नये. माती शोषून घेते, धातू घेत नाही, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच आहे. नियमांची मुळे मात्र वेगळी आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत.

आता खरा प्रश्न येतो तो असा, की मडके फुटले म्हणजे नेमके किती फुटले? तडा गेला तर फुटले म्हणावे काय? तळाला बारीक भोक पडले तर काय? केलीमच्या तिसऱ्या अध्यायाचे उत्तर मला फार सुंदर वाटते, कारण ते भांड्याच्या कामावरून ठरवलेले आहे. खाद्यपदार्थ ठेवण्याच्या भांड्याला जैतुनाचे फळ निसटेल एवढे भोक पडले की ते ‘भांडे’ उरत नाही आणि त्यामुळे अशुद्धतेच्या कक्षेबाहेर जाते. द्रव ठेवण्याच्या भांड्याला द्रव गळेल एवढे भोक पुरते. दिव्याचे माप तेल आहे. म्हणजे ज्या कामासाठी वस्तू घडवली ते काम तिला करता येईनासे झाले, की तिचे वस्तूपण संपते. मातीच्या भांड्यांचे फुटणे हेच त्यांचे शुद्ध होणे, असे दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे. मातीचे भांडे बाहेरून स्पर्श झाल्याने अशुद्ध होत नाही, आतील पोकळीतून होते, असेही तेथेच सांगितले आहे. भांडे म्हणजे त्याची पोकळी, हे ज्याने लिहिले त्याने मडके केवळ दुरून पाहिलेले नव्हते.

दगडी भांडे मात्र अशुद्ध होतच नाही, असे या नियमांत धरलेले आहे, आणि येथे जमिनीतून निघालेल्या वस्तू ग्रंथाला साक्ष देतात. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे सुमारे दोनशे वर्षांच्या काळातील मऊ पांढऱ्या चुनखडीच्या दगडाचे पेले, वाडगे आणि मोठे रांजण जेरुसलेममध्ये आणि गालीलमध्ये मोठ्या संख्येने सापडले आहेत. नाझरेथजवळच्या रेना गावी तर अशी भांडी कोरण्याची एक गुहाच सापडली. तिच्यात खाणीच्या खुणा होत्या, तसेच अर्धवट राहिलेली भांडी आणि कातकामात आतून निघालेले दगडाचे गाभेही होते. मातीचा पेला स्वस्त आणि हलका असताना इतक्या लोकांनी जड दगडी पेला का घेतला असेल, हे नुसत्या उत्खननातून कळत नाही. ग्रंथ शेजारी ठेवला की कळते. हा पेला एकदा घेतला की तो फोडण्याची वेळ येत नसे. ख्रिस्ती शुभवर्तमानातही काना गावच्या लग्नघरी शुद्धीकरणाच्या रिवाजासाठी ठेवलेल्या सहा दगडी रांजणांचा उल्लेख येतो, तो याच चालीचा आहे.

आपण चुलीविषयी विचारलेत म्हणून एवढेच सांगतो, की मडके टेकवण्यासाठी जमिनीत तीन टेकू उभे करून ते चिखलाने जोडले तर ती चूल अशुद्धतेच्या नियमांत येते, आणि नुसते तीन खिळे ठोकले तर येत नाही, असे सहाव्या अध्यायात आहे. म्हणजे लिंपणाच्या हाताने चूल घडते, असाच त्याचा अर्थ. कोकणातल्या कुठल्याही आजीने हेच सांगितले असते.

प्रश्न (रत्नागिरी): माझे किराणा मालाचे दुकान आहे. जुनी शेर, पायली आणि अधोलीची मापे अजून माझ्याकडे आहेत. प्राचीन यहुदी वजनांविषयी काही सांगता येईल काय?

आपल्या व्यवसायाशी संबंधित एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. ‘शमुवेल’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात, तेराव्या अध्यायात, इस्राएलात लोहार उरले नव्हते आणि नांगराचे फाळ व कुऱ्हाडी पाजवण्यासाठी लोकांना शेजारच्या पलिष्टी लोकांकडे जावे लागे, असे वर्णन आहे. त्या ओळीत ‘पीम’ असा एक शब्द येतो. तो संपूर्ण हिब्रू बायबलमध्ये याच एका ठिकाणी आहे, त्यामुळे त्याचा अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता. १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात अंदाजाने तेथे ‘कानस’ असा अर्थ लावला गेला, कारण पाजवण्याचा विषय होता. पुढे विसाव्या शतकात यहूदियाच्या भूमीत बसका तळ आणि वर घुमटासारखा आकार असलेली छोटी दगडी वजने मिळू लागली. त्यांतील काहींवर तीन अक्षरांत ‘पीम’ एवढेच कोरलेले होते. शेकेल हे त्या काळचे वजन म्हणजे साधारण साडेअकरा ग्रॅमच्या आतबाहेर, आणि ही वजने पावणेआठ ग्रॅमच्या जवळपास भरली, म्हणजे शेकेलच्या दोनतृतीयांश. तेव्हा उलगडा झाला की त्या ओळीत हत्याराचे नाव नव्हते, मजुरीचा दर होता! फाळ पाजवायला दोनतृतीयांश शेकेल चांदी द्यावी लागे. लोहाराचा भाव मुठीत मावणाऱ्या एका दगडाने उलगडला.

आपल्याकडे ‘मापात पाप’ म्हणतात, त्याच पापाविषयी ‘अनुवाद’ या ग्रंथाचा २५ वा अध्याय बोलतो. तुझ्या पिशवीत मोठे आणि लहान अशी दोन वजने असू नयेत, असे तेथे म्हटले आहे. घ्यायचे एक आणि द्यायचे दुसरे, ही लबाडी किती जुनी आहे ते यावरून दिसते. मिश्ना या तत्त्वावर थांबत नाही, ती दुकानात येते. किरकोळ दुकानदाराने मापे आठवड्यातून दोनदा पुसावीत, वजने आठवड्यातून एकदा साफ करावीत आणि तराजू प्रत्येक वजनानंतर पुसावा, असे ‘बाबा बात्रा’ या प्रकरणाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. घाऊक व्यापाऱ्याला मात्र महिन्यातून एकदा पुरे. मापाच्या आत मध किंवा तेल चिकटून राहिले तर गिऱ्हाइकाला तेवढे कमी जाते, ही त्यामागची काळजी. मिश्नेवरील पुढच्या काळातील चर्चांचा ग्रंथ म्हणजे तालमूद; त्यात पुढे असेही आहे की वजने शिसे किंवा कथील यांसारख्या धातूंची करू नयेत, कारण ते झिजतात. ती कठीण दगडाची किंवा काचेची करावीत. उत्खननात दगडाची वजने मोठ्या प्रमाणावर मिळतात, त्याच्याशी हे जुळते. आपल्या अधोलीच्या कडा आतून झिजल्या आहेत की बाहेरून, हे एकदा पाहून मला अवश्य कळवावे.

प्रश्न (अलिबाग): आमच्या घरी शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी आजी खोबरेल तेलाचा दिवा लावीत असे. एका नातेवाइकाने अलीकडे सांगितले की शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा जैतुनाच्या तेलाचाच हवा. आजीचे चुकत होते काय?

आजीचे चुकत नव्हते, आणि हे सांगायला मला फार लांब जावे लागत नाही. मिश्नेतील ‘शब्बाथ’ या प्रकरणाचा दुसरा अध्याय याच प्रश्नाने सुरू होतो: दिवा कशाने लावावा आणि कशाने लावू नये. तेथे रब्बी तार्फोन यांचे मत आपल्या नातेवाइकासारखे आहे. जैतुनाच्या तेलाशिवाय दुसरे चालणार नाही, असे ते म्हणतात. पण बहुसंख्य विद्वानांनी तिळाचे, अक्रोडाचे, मुळ्याच्या बियांचे, माशाचे, कडू भोपळ्याचे अशी सर्व तेले मान्य केली आहेत. तालमुदात या वादाची पुढची हकीकत आहे आणि मला ती संपूर्ण प्रकरणातील सर्वांत हृद्य जागा वाटते. रब्बी योहानान बेन नूरी उभे राहिले आणि त्यांनी विचारले, की ज्यांच्याकडे तिळाच्या तेलाशिवाय काही नाही त्या बाबेलच्या लोकांनी काय करावे? ज्यांच्याकडे अक्रोडाच्या तेलाशिवाय काही नाही त्या मेदीच्या लोकांनी काय करावे? आलेक्सांद्रियाच्या लोकांकडे मुळ्याच्या बियांचेच तेल आहे, आणि कप्पदुकियाच्या लोकांकडे तर तेही नाही, जमिनीतून निघणारे नाफ्था तेवढे आहे. त्यांनी काय करावे? त्या यादीत कोकण नाही. पण ज्यांच्या परसात माडाशिवाय दुसरे झाड नाही त्यांनी काय करावे, हा प्रश्न त्या यादीत सहज बसतो आणि त्याचे उत्तरही तेच आहे.

तेलांना मान्यता देताना विद्वानांनी पाहिले ते एवढेच, की तेल वातीमागे नीट ओढले जावे आणि ज्योत फडफडू नये. डांबर किंवा मेण नाकारले ते याच विचाराने, कारण दिवा नीट जळेना की माणसाचा हात वात सारायला जातो आणि शब्बाथला ते काम निषिद्ध आहे. थंडीत खोबरेल तेल थिजते हे खरे, परंतु ज्योतीच्या उबेने ते लगेच पातळ होते आणि वात ते चांगले ओढते. जैतुनाचे तेल मिळत असेल तर ते उत्तम मानतात. आपल्या नातेवाइकांनी ऐकले ते बहुधा हेच असावे.

त्याच अध्यायात दिव्याची एक युक्ती दिली आहे. तिच्यावरून तो दिवा कसा होता तेही कळते. अंड्याच्या टरफलाला भोक पाडून, त्यात तेल भरून ते दिव्याच्या तोंडावर ठेवावे, म्हणजे थेंब थेंब तेल खाली पडत राहील, अशी सोय काही लोक करीत असत. विद्वानांनी ती नाकारली. वरचे तेल वेगळ्या पात्रात दिसते, म्हणून ते कोणी शब्बाथला काढून घेईल आणि जळता दिवा त्याने लवकर विझेल, ही भीती त्यामागे होती. कुंभाराने ते वरचे पात्र मुळातच दिव्याला जोडून घडवले असेल तर मात्र चालेल, कारण मग ते एकच भांडे झाले. त्या काळातील मातीचे दिवे आपल्या उघड्या पणतीसारखे नसत. त्यांची वरची बाजू बंद असे, मध्ये तेल ओतायला भोक आणि पुढे वातीचे नळकांडे असे. यहूदियाचा राजा हेरोद याच्या काळापासूनच्या अशा दिव्यांचे नळकांडे वेगळे करून जोडीत आणि सुरीने तासून नीट करीत. हे दिवे ओळखू येतात ते त्या तासलेल्या कडांवरून. मुठीएवढ्या त्या दिव्यात तेल बेताचेच मावे. टरफल वर का ठेवावे लागे, हे तो दिवा हातात घेतल्यावर कळते.

अलिबागच्या वाचकांना एक गोष्ट वेगळी सांगण्याची गरज नाही, पण इतरांसाठी लिहितो. बेने इस्रायलांचा या किनाऱ्यावरील पिढीजात धंदा तेलाचा घाणा चालवण्याचा होता आणि शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि ग्रंथ समुद्रात गेले, अशी समाजाची परंपरागत आठवण आहे. या आठवणीनुसार पाहिले, तर ग्रंथ हाती नसताना शनिवार पाळला गेला तो थांबलेल्या घाण्याने आणि आदल्या संध्याकाळी भरलेल्या दिव्याने. आपल्या आजीने त्या तेलाने दिवा लावला. याहून योग्य तेल कोणते असणार, ते मला तरी सुचत नाही.

प्रश्न (पेण): आमचा पिढीजात कुंभारकामाचा व्यवसाय आहे. शेजारच्या इस्रायली कुटुंबातील वृद्ध मंडळी वल्हांडणाला, म्हणजे इजिप्तमधील गुलामगिरीतून सुटल्याच्या स्मरणाच्या सणाला, ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत असत. त्याचा मडक्याशी काही संबंध आहे काय?

आहे, आणि तो थेट आहे. अनास म्हणजे आंबट कालवणाचे किंवा सिरक्यासारख्या द्रवाचे भांडे, आणि त्याचे तोंड झाकून ठेवण्याचा तो सण. बेने इस्रायलांनी आपल्या सणांना मराठीत अशीच घरगुती नावे दिली होती. प्रायश्चित्ताच्या दिवशी दार लावून घरात राहत, म्हणून तो ‘दारफाळणीचा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मृतिदिनी वालाचे बिरडे खात, म्हणून तो ‘बिरड्याचा सण’. दार, मडके, बिरडे! हिब्रू नावे विसरली गेली त्या काळात घरातल्या या गोष्टींनी पंचांगाचे काम केले.

वल्हांडणात आंबवलेले धान्य खाऊ नये आणि घरात दिसूही नये, अशी ‘निर्गम’ या ग्रंथात आज्ञा आहे. मग भाकरी-पावाशिवाय आणखी काय काय त्यात येते? मिश्नेतील ‘पेसाखीम’ या प्रकरणाचा तिसरा अध्याय याची यादी देतो. तीत बाबेलचे कालवण, मेदीची बीअर, अदोमचा सिरका आणि इजिप्तची बीअर आहे. एवढेच नव्हे तर रंगाऱ्याचे आंबोण आणि लेखनिकाची खळही आहे. कालवण आणि सिरका हे दोन्ही त्या यादीत आरंभीच असताना कोकणातल्या घरात नेमके आंबट मडकेच झाकले जावे, हे मला लक्षणीय वाटते.

आणि आपण कुंभार आहात म्हणून पुढची हकीकत सांगितलीच पाहिजे. वर्षभर आंबवलेले शिजवून मातीच्या मडक्याने जे शोषले त्याचे काय करायचे, यावर बाबेलमधील दोन मोठ्या आचार्यांत मतभेद झाला. राव म्हणाले, वल्हांडणाला ती मडकी फोडावीत. शमुएल म्हणाले, फोडू नयेत, बाजूला ठेवून द्यावीत आणि सण झाल्यावर वापरावीत. रावांच्या मताने लोक मडकी फोडू लागले की सणानंतर सगळ्यांनाच नवी हवीत, आणि कुंभारवाड्यात भाव चढत. तेव्हा शमुएलांनी मडकी विकणाऱ्यांना बजावले, की भाव रास्त ठेवा, नाहीतर सवलतीचे मत मी सर्वांसमोर जाहीर शिकवीन. म्हणजे मग कोणी मडकी फोडणारच नाही. तालमुदाने हे जपून ठेवले आहे याचा मला आनंद वाटतो, कारण गरीब घरात पाच मडकी एकदम नवी घेणे म्हणजे काय ते त्या आचार्याला कळत होते. मडके फोडायचे नाही, झाकून बाजूला ठेवायचे, ही शमुएलांची वाट आणि ‘अनाशी ढाकाचा सण’ हे नाव शेजारी ठेवून पाहावे. कोकणात कोणी तालमूद वाचून झाकण ठेवले असे मी म्हणत नाही. मडक्याची किंमत जाणणाऱ्या दोन घरांना एकच उपाय सुचला असावा.

प्रश्न (मुरूड): वडिलोपार्जित घराच्या माळ्यावर फाटलेले हिब्रू-मराठी प्रार्थनापुस्तक मिळाले. दाराच्या चौकटीवर पत्र्याची एक लहान नळीही ठोकलेली आहे. घर पाडायचे आहे. या वस्तूंचे काय करावे?

चौकटीवरील नळी म्हणजे मेझुझाचे घर. ‘माझी वचने दाराच्या चौकटींवर लिही’ या ‘अनुवाद’ ग्रंथातील आज्ञेप्रमाणे चर्मपत्रावर दोन उतारे लिहून ते अशा नळीत ठेवतात. घर पाडण्यापूर्वी ती खिळ्यांसकट हळूच काढावी आणि आत चर्मपत्र आहे का ते पाहावे. गुंडाळी कडक झाली असेल तर उलगडण्याचा प्रयत्न करू नये.

धार्मिक वस्तू जीर्ण झाल्यावर काय करायचे, याची चर्चा तालमुदातील ‘मेगिल्ला’ या प्रकरणात एकाच ठिकाणी आली आहे. मेंढ्याच्या शिंगाचे शोफार, वस्त्राचे गोंडे यांचे काम झाल्यावर ती टाकून देता येतात. परंतु पवित्र लेखन ज्यात ठेवले त्या पिशव्या, पेट्या आणि नळ्या टाकायच्या नाहीत, त्या लेखनाबरोबर जपून दूर ठेवायच्या. म्हणजे आपली पत्र्याची नळी दुसऱ्या वर्गात पडते. तोरेची जीर्ण गुंडाळी पुरताना ती मातीच्या भांड्यात ठेवून पुरावी, असे तेथेच एका आचार्याने सांगितले आहे. आधाराला त्याने यिर्मया या संदेष्ट्याचे वचन घेतले आहे. यिर्मयाने अनाथोथ येथील शेत १७ शेकेल चांदीला विकत घेतले, तेव्हा खरेदीखत ‘मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे ते पुष्कळ दिवस टिकेल’ असे त्याने सांगितले होते. ते किती दिवस टिकते याचा पुरावा १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत मिळाला. झाकणाच्या उंच मातीच्या बरण्यांत ठेवलेल्या गुंडाळ्या सुमारे दोन हजार वर्षांनी वाचता आल्या. त्या पहिल्या गुहेतील यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाची गुंडाळी सात मीटरांहून लांब आहे आणि जवळजवळ संपूर्ण आहे.

तेव्हा पुस्तक आणि नळी या दोन्ही वस्तू अलिबागच्या सिनेगॉगमध्ये नेऊन द्याव्यात. पुरण्याची व्यवस्था तेथील जाणती मंडळी सांगतील. आपल्या पत्रात आपण ओझरते लिहिले आहे, की पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मोडीत काही नावे आणि तिथ्या आहेत. ते पान देण्यापूर्वी चांगल्या उजेडात छायाचित्र काढून ठेवावे आणि मोडी वाचणाऱ्या कोणाकडून त्याचे बाळबोध लिप्यंतर करून घ्यावे. ती नावे बहुधा त्या घरात जन्मलेल्यांची असावीत.